उंची तपकिरीच काढायची

१२ नोव्हेंबर

वही नवी. हिने आणली. दोन ओळींमध्ये एवढी जागा सोडलेली की पहिलीतल्या पोरानं 'अ' गिरवावा. मी म्हटलं, एवढी रुंद कशाला? तर म्हणाली, "दुकानात हीच होती." सोबत जाड टोकाचं काळं पेन. तेही म्हणे दुकानात तेच होतं. कसलं दुकान म्हणायचं! असो. एकतीस वर्षं रोजनिशी लिहितोय. ओळी रुंद झाल्या म्हणून माझ्या आयुष्यात काही जास्त घडणार नाही.

शाळेच्या अंगणातला तापमापक: सकाळी २१, दुपारी २९. हल्ली शिपाई वाचून सांगतो. नव्या तापमापकात पाऱ्याची रेघ इतकी बारीक ठेवलीय की तापमान बघायला आलेल्या माणसालाच ताप यावा.

बारावीला भूगोल घेतलेली मुलं या वर्षी अकरा. मुख्याध्यापिका बाईंनी आज बोलावून सुनावलं, "सर, अकरा मुलांवर विषय चालवणं मला जड जातंय. तुम्ही आहात तोवर चालू ठेवीन. तुमच्यामागे नवा शिक्षक मिळायचा नाही." तुमच्यामागे म्हणजे दोन वर्षांनी मी निवृत्त झाल्यावर. पण बाईंचा सूर असा की माणूस आजच खांद्यावरून निघालाय.

भूगोलाची खोली दुसऱ्या मजल्यावर. आज चढताना मध्येच थांबलो. जिन्यातला दिवा पुन्हा गेलेला. शिपायाला सांगितलं तर म्हणाला, "चालू आहे की सर." यांच्या लेखी मिणमिणणं म्हणजे चालू.

१८ नोव्हेंबर

नकाशासंग्रहाची नवी आवृत्ती आली. छपाई रद्दी. डोंगराळ भागात समोच्च रेषा आहेत की नाहीत तेच समजत नाही. सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी ही रेषा म्हणजे नकाशाचा जीव, आणि प्रकाशकानं शाई वाचवली ती नेमकी तिथंच. मुलांना म्हटलं, ही चोरी आहे. एक मुलगा म्हणाला, "सर, दिसतायत की—" आणि त्याला कुणीतरी बाकाखालून लाथ मारली असावी, कारण तो "आई गं" म्हणून गप्प झाला.

ज्या मुलीवर माझी भिस्त आहे तिला वर्ग टोकयंत्र म्हणतो. ती दर दहा मिनिटांनी पेन्सिलीला टोक काढते. बाकावर कायम लाकडाची फुलं. बाप गवंडी. तिला बारावीनंतर जमीन मोजणीच्या अभ्यासक्रमाला जायचंय. तिथे भूगोलाच्या प्रात्यक्षिकाचे गुण वेगळे धरतात: वीसपैकी किमान पंधरा. चौदा पडले तर अर्जसुद्धा घेत नाहीत. मी तिला म्हटलं, "तू पंधराची काळजी करू नकोस, वीसची कर." ती हसली असावी. हसण्याचा आवाज आला.

२१ नोव्हेंबर

हा वर्ग भलताच सभ्य निघाला. उत्तर द्यायला उठलं की आधी सांगतात, "सर, मी खिडकीजवळची." "सर, मी मागच्या बाकावरचा." पूर्वीच्या मुलांना हे वळण नव्हतं. फळ्यावर मी जे लिहितो ते एक जण मोठ्यानं वाचूनही दाखवतो. काल मी एका ओळीवर दुसरी ओळ लिहिली म्हणे. खडूच असा, ठिसूळ. मुलांनी दोन्ही ओळी उतरवून घेतल्या, हूं की चूं नाही.

४ डिसेंबर

क्षेत्रभेट. शाळेमागच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीपर्यंत. मुलांनी उतार पाहायचा, मातीचा रंग नोंदवायचा, अहवाल लिहायचा.

आज पोरांनी मला अगदी कंटाळा आणला. पायऱ्या आल्या की मोठ्यानं मोजायची. "एक, दोन, तीन, संपल्या!" मी म्हटलं, हे काय बालवाडीसारखं? टोकयंत्र म्हणाली, "अहवालात लिहायचंय सर, किती पायऱ्या ते." एका जागी तर सगळे कोरसमध्ये ओरडले, "डावीकडे खड्डा!" मी म्हटलं, खड्डा हे भूरूप नाही, तो नगरपालिकेचा आळस आहे. हसले. उतरताना टोकयंत्रानं माझ्या कोपराला धरलं. घसरायची भीती वाटते म्हणाली. एवढी धीट मुलगी, उताराला घाबरते! मी तिला सावकाश खाली आणली.

घरी येऊन बुटासकट आडवा झालो. हिने बूट काढले. "अहो, डोळे दाखवून घ्या," म्हणाली. मी थकलो होतो, वाद घातला नाही.

१६ डिसेंबर

हिच्या समाधानासाठी चष्मेवाल्याकडे जाऊन आलो. त्यानं चार काचा लावल्या, चार काढल्या. मग म्हणाला, "सर, नंबर बदलून काही उपयोग नाही. मोठ्या डॉक्टरांकडे जा." चिठ्ठीही दिली. म्हणजे नंबर बरोबर आहे. हे मी हिला तीन महिन्यांपूर्वीच सांगत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

चिठ्ठी खिशात आहे. सुट्टीत बघू.

८ जानेवारी

सुट्टी संपली. चिठ्ठी खिशातच. प्रामाणिकपणे लिहायचं तर मी ती दोनदा बाहेर काढली आणि दोनदा परत ठेवली. दृष्टीआड सृष्टी, एवढंच.

आज वर्गात नकाशातल्या रंगांचे संकेत घोकून घेतले. पाणी निळं, वनं हिरवी, वस्ती लाल, रेल्वे काळी आणि उंची तपकिरी. दर वर्षी कुणीतरी शहाणा समोच्च रेषा काळ्या पेन्सिलीनं ओढतो. मी बजावलं, "काळ्या रेषेला माझ्याकडे एक गुण कमी. उंची तपकिरीच काढायची. पेन्सिल अशी टोकदार हवी की रेषा केसासारखी यावी." मग मागच्या बाकावरचा म्हणाला, "सर, काळी चालली तर बरं होईल. ठळक येते." मी म्हटलं, ठळकपणा हा जाहिरातीचा गुण, नकाशाचा नव्हे.

तास संपल्यावर अकराही जण खोलीच्या दाराशी कुजबुजत उभे होते. परीक्षा जवळ आली की मुलांचे असे घोळके होतातच.

२९ जानेवारी

प्रात्यक्षिक परीक्षा झाली. तीन तास. कागदावर प्रश्न एकच, आठ गुणांचा: छापील कागदावर उंचीचे आकडे दिलेले, वीस मीटरच्या अंतरानं समोच्च रेषा काढून डोंगर तयार करायचा.

बाहेरून आलेले परीक्षक साडेदहाला आले, चहा घेतला, सगळ्या कोऱ्या गुणपत्रकांवर सही ठोकली आणि, "तुम्ही आहात म्हटल्यावर मी कशाला बघायचं," म्हणून साडेअकराच्या बसने गेले. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मंडळ यांना प्रवासाचा भत्ता देतं!

कागद घरी आणले. उद्या तपासायचे.

३० जानेवारी

चांगला संताप झालाय. पेनही धड चालत नाही, म्हणून अक्षर असं.

अकरापैकी दहा जणांनी समोच्च रेषा काळ्या काढल्या. जाड काळ्या! तीन आठवड्यांपूर्वी घसा फोडून सांगितलं होतं. प्रत्येकाचा एक गुण कापला, पण डोंगर बरे होते, सहा-सात देऊन टाकले.

अकरावा कागद टोकयंत्राचा. कोरा. छापील आकडे तेवढे, एक रेषा नाही. मी उलटा करून पाहिला, पाठीमागे काढलाय का. नाही. आठपैकी शून्य. कागदभर लाल पेनानं लिहिलं, 'कोरा. अपेक्षा नव्हती.' उरलेल्या बारापैकी, प्रात्यक्षिकाची वही आणि तोंडी मिळून, तिला नऊ पडले. वीसपैकी नऊ.

दोन वर्षं मी या मुलीला डोळ्यात तेल घालून शिकवलं. तीन तास ती तिथं बसून करत काय होती? जेवलो नाही.

३१ जानेवारी

गुण सांगायचे नसतात, पण मला राहवलं नाही. वर्गातच विचारलं, "काय गं, डोंगर काढायचा सोडून तीन तास काय केलंस?"

ती म्हणाली, "काढला होता, सर."

"कुठे? हवेत?"

मागच्या बाकावरचा म्हणाला, "सर, तिनं खरंच—" तर टोकयंत्रच त्याच्यावर खेकसली, "तू गप बस!" मग हळूच मला म्हणाली, "चूक झाली, सर."

शून्याचं मला एवढं वाटलं नसतं. खोटं बोलली याचं वाटलं. खात्री करायला घरी येऊन कागद पुन्हा काढला, टेबलावरच्या दिव्याखाली धरला, अगदी नाकाला लावला. कोरा म्हणजे कोरा.

गवंड्याच्या पोरीनं मोजणीला जावं, बापानं बांधलेल्या भिंतींच्या जमिनी तिनं मोजाव्यात, असं मला फार वाटत होतं. जाऊ दे. माणसानं कुणाच्या पोरांकडून किती अपेक्षा कराव्यात!

२ फेब्रुवारी

गुणपत्रकाचं पाकीट मोहोरबंद करून बाईंच्या कपाटात ठेवलं. मंडळात पाच तारखेला जाणार. उत्तरांचे कागद शाळेतच राहतात, म्हणून मी शिक्षकखोलीत त्यांचा गठ्ठा बांधत होतो. जीवशास्त्राच्या मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "अगंबाई! इतक्या सुंदर डोंगरावर हा लाल शेरा कुणी मारला?"

मी म्हटलं, "कुठला डोंगर?"

"हा काय. तपकिरी. किती नाजूक काढलाय हो, पेशी बघतेय असं वाटतं. आणि वर 'कोरा' काय लिहिलंय?"

मी हसलो. म्हटलं, मॅडम, थट्टा पुरे. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या असाव्यात. मग उठून त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि तासाला निघून गेल्या.

कागद पिशवीत घालून घरी आणला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

हिला काही सांगितलं नाही. कागद पुढे केला आणि विचारलं, "यावर काय आहे?"

तिनं हात पुसले, खिडकीशी गेली. "आकडे आहेत. रेषा आहेत, गोल गोल, एकात एक. एका बाजूला दाटीवाटीनं, दुसऱ्या बाजूला सैल. मध्ये एक इवलासा गोल. निगुतीनं काढलंय पोरीनं." मग तिला माझा लाल शेरा दिसला असणार. ती वाचता वाचता थांबली.

दाटीवाटीनं म्हणजे कडा. सैल म्हणजे सौम्य उतार. बरोबर आहे. सगळं बरोबर आहे. छापील आकड्यांवरून मी मनातल्या मनात तो डोंगर काढून पाहिला, असाच येतो.

मी विचारलं, "रेषा फिक्या आहेत ना? तूच सांग, फिक्या आहेत ना?"

ती म्हणाली, "नाहीत हो."

३ फेब्रुवारी

शाळेत गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. तापमापक बघितला नाही.

आता सगळं सरळ दिसतंय. काय शब्द वापरला मी! जिन्यातला दिवा, नकाशासंग्रहाची शाई, खडू, पारा, सगळ्यांना शिव्या घातल्या. सगळं जग एकदम फिकं झालं आणि ठीक तो काय फक्त मी! चष्मेवाल्याचं बोलणंही सोयीनं ऐकलं. साठीकडे झुकलेला माणूस आणि पोरासारखा कानाडोळा करत राहिला.

भीती कसली ते लिहून टाकतो. शाळेला कळलं तर मला वर्गात उभं राहू देणार नाहीत. दोन वर्षं राहिलीत. भूगोल शिकवण्याखेरीज मला दुसरं काहीच येत नाही, नळाचा वायसरसुद्धा बदलता येत नाही. आणि मी गेलो की विषय जाणार.

दुपारी एक विचार आला तोही लिहितो, कारण इथे खोटं लिहून कुणाला फसवणार? विचार असा, की पाकीट मोहोरबंद आहे. पोरगी स्वतःच 'चूक झाली' म्हणालीय. मॅडम कुणाला सांगणाऱ्या नाहीत. नऊ तर नऊ. अर्धा तास मी हा विचार करत बसलो होतो. पुरा अर्धा तास.

४ फेब्रुवारी

बाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, पाकीट उघडावं लागेल, एका मुलीच्या गुणांत चूक आहे.

बाई वैतागल्या, पण कपाट उघडलं. "कारण लेखी द्या. लिहा, 'नजरचुकीने गुण देण्याचे राहून गेले.' मी दर आठवड्याला चार कागदांवर 'नजरचुकीने' लिहिते. कुणी विचारत नाही. तिचे गुण घाला, सही करा, विषय संपला."

कोरा कागद पुढ्यात आला. मी 'नजर' एवढं लिहिलं आणि थांबलो. आयुष्यात हा शब्द मी शंभर अर्जांत लिहिला असेन. हजेरीची बेरीज चुकली, नजरचुकीने. रजेची तारीख चुकली, नजरचुकीने. कुठल्याही अर्जात तो खरा नव्हता. आज पहिल्यांदा अक्षरशः खरा होता आणि नेमका आजच तो लपायच्या कामाला आला होता.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, हिचे सात-आठ गुण मी वाढवीन. पण बाकी दहा कागद मी तपासले म्हणजे काय तपासलं? मला काळं ठळक तेवढं दिसतं. बारीक रेषा दिसत नाही. तपकिरी तर दिसतच नाही. किती दिवसांपासून, तेही मला सांगता येणार नाही."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"सर, हे तुम्ही लिहून देणार?"

"देणार."

"मग मला वर कळवावं लागेल. दोन वर्षांसाठी कशाला—" चांगली बाई आहे. उगीच मी तिच्याबद्दल वाकडं लिहितो.

लिहून दिलं. 'माझी दृष्टी अधू झाली आहे. समोच्च रेषा मला दिसत नाहीत. अकराही विद्यार्थ्यांचे कागद अन्य शिक्षकाकडून पुन्हा तपासून घ्यावेत.' ओळ वर गेली की खाली आली मला कळलं नाही. सही मात्र सरळ आली, असं बाई म्हणाल्या.

बाहेर येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसलो. शिपाई शेजारी येऊन बसला. म्हणाला, "सर, जिन्यातला दिवा गेलेला नव्हता हो कधी." मी म्हटलं, "माहीत आहे रे."

१० फेब्रुवारी

पाकीट पाच तारखेला गेलंच नाही; मंडळाच्या परवानगीनं कागद पुन्हा तपासायला शेजारच्या शाळेतून भूगोलाच्या एक बाई आल्या. तरुण आहेत. मी खोलीत बसू नये असा नियम, म्हणून व्हरांड्यात बाकावर बसलो. तास-सव्वा तास लागला.

टोकयंत्राला डोंगराचे आठपैकी आठ. एकूण सतरा. पंधरा हवे होते. मोजणीवाले अर्ज घेतील.

मागच्या बाकावरच्याचे तीन गुण गेले. त्याच्या दोन रेषा एकमेकींना छेदत होत्या. समोच्च रेषा एकमेकींना छेदत नाहीत, हे मी पहिल्याच तासाला सांगतो. मला त्या दोन मिळून एकच जाड रेषा वाटल्या होत्या आणि मी त्याला सात दिले होते. त्याला जाऊन मीच सांगितलं. तो म्हणाला, "चालेल सर, सात बघून मलाच संशय आला होता."

काळ्या रेषांसाठी कापलेला एकेक गुण त्या बाईंनी सगळ्यांना परत दिला. परीक्षेत काळी पेन्सिल चालते म्हणे. चालत असेल.

उद्यापासून मला वर्ग नाही. ग्रंथालयात बसायचं. बारावीचा अभ्यासक्रम पुरा झालाय, पोरांचं अडणार नाही. पुढच्या वर्षी भूगोल नसेल. त्याबद्दल आज लिहायचं त्राण नाही.

१३ फेब्रुवारी

(आजची नोंद मी लिहिते आहे. मजकूर यांचा, अक्षर माझं. मोठ्या डॉक्टरांनी काल डोळ्यांत औषध घातलं आणि महिनाभर वाचणं-लिहिणं बंद केलं. गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकवू, म्हणाले. हे वाक्य यांनी सांगितलेलं नाही, मी घातलंय.)

हिने काय घातलं ते मला ठाऊक नाही. रोजनिशी आता दोघांची झाली, तेव्हा इथून पुढे हिच्याविषयी तक्रार बंद.

सकाळी अकराच्या सुमारास टोकयंत्र घरी आली. पेढे नाही, फुलं नाही, हात हलवत आली. बरं वाटलं. मी तिला सांगितलं की तिचा कागद कोरा नव्हता, मी चुकलो, भर वर्गात तिला खोटारडी ठरवलं आणि मला त्याची लाज वाटते. असं वाक्य मी कुठल्याही विद्यार्थ्याला कधी म्हटलेलं नाही.

ती म्हणाली, "सर, आम्हाला दिवाळीच्या— " (खोडलं. ती "सहामाहीच्या सुट्टीपासून" म्हणाली. हे सांगताना चुकले, मी तिथेच होते.) "आम्हाला सहामाहीच्या सुट्टीपासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला दिसत नाही ते."

मी म्हटलं, "मग शाळेला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गेला असता ना. मग आम्हाला कोण शिकवणार होतं?" मग म्हणाली, "म्हणून सगळ्यांनी ठरवलं, परीक्षेत काळी पेन्सिल वापरायची. म्हणजे तुम्हाला दिसेल आणि सगळ्यांना गुण पडतील. एक गुण कापला तर कापला."

दाराशी घोळका करून ते हेच ठरवत होते! आणि मला वाटलं, परीक्षेची भीती!

"मग तू का नाही वापरलीस काळी? तुलाच तर गुणांची गरज होती."

ती बराच वेळ बोलली नाही. मला तिचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे अशा वेळी फार लांबल्यासारखं वाटतं.

"अकराच्या अकरा काळ्या बघितल्या असत्या तर तुम्ही ओळखलं असतं सर, की आम्हाला कळलंय. एक तरी तपकिरी हवी होती."

"अगं पण शून्य पडलं असतं!"

"मला वाटलं, माझा कागद म्हटल्यावर तुम्ही न बघताच गुण द्याल."

मी ताडकन म्हटलं, "आयुष्यात मी न बघता कुणाला गुण दिलेले नाहीत!" आणि म्हणून झाल्यावर काय बोललो ते माझ्या लक्षात आलं. तिच्याही आलं. आधी ती हसली, मग मी. हसता हसता माझं काय झालं ते मला सांगायचं नाही.

लिहिलंस? पुढे लिही. पोरगी जाताना वाकून नमस्कार वगैरे काही करत बसली नाही. जूनमध्ये अर्ज भरते म्हणाली, आणि—

(इथे यांनी विचारलं, "का थांबलीस?" मी म्हटलं, थांबा जरा, मला अक्षर दिसत नाहीये.)